गळाच नाही म्हणणाऱ्या पुरुषांसाठी जपानी काराओके: पहिलं गाणं कसं निवडायचं आणि कसं बसवायचं

एप्रिल उजाडला की जपानी कंपन्यांचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्यासोबत नव्या माणसांच्या स्वागताच्या पार्ट्याही. पुण्यात जपानी शिकून, परीक्षेचे टप्पे पार करून तोक्यो-ओसाकात नोकरीला आलेल्या आपल्या मुलांना या पार्टीतलं बरंच काही आधीपासून ठाऊक असतं. बाटली दोन्ही हातांनी धरून साहेबांच्या ग्लासात ओतायची, सगळ्यांनी मिळून "काम्पाइ" म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही, हे शिकूनच आलेले असतात. अडचण त्यानंतर येते. जेवण संपतं, कुणीतरी "निजिकाइ" म्हणतं, म्हणजे दुसरी बैठक, आणि सगळी मंडळी काराओकेच्या खोलीत शिरतात. शाळेच्या पाटीएवढा एक टचस्क्रीन हातोहात फिरत आपल्यापाशी येतो. त्याला देन्मोकु म्हणतात. त्यातून गाणं निवडायचं असतं.

माझ्यापाशी तो पहिल्यांदा आला तेव्हा मी "उता वा निगाते देसु" म्हणालो, म्हणजे गाणं मला जमत नाही, आणि तो शेजाऱ्याकडे सरकवला. कुणी काही बोललं नाही. पण शेवटच्या गाडीने घरी जाताना एक गोष्ट मनात राहिली. आमचे काचो, म्हणजे विभागाचे साहेब, डोळे मिटून एक जुनं गाणं म्हणाले होते, सूर दोनदा सुटला होता, आणि त्या तीन मिनिटांत ते मला वर्षभराच्या मीटिंगांपेक्षा जास्त कळले होते. मी मात्र त्यांना काहीच कळू दिलं नव्हतं. पुढच्या पार्टीआधी मी एक गाणं बसवलं. लहानपणी समूहगीतात "तू नुसते ओठ हलव" असं ऐकलेल्या माणसाने बसवलं, म्हणून खात्रीने सांगतो: आपल्याला गळा नाही असं मानणाऱ्या बहुतेक पुरुषांचा घोळ गाणं निवडताना आणि पट्टी धरताना होतो. या दोन गोष्टी आधी नीट केल्या तर उरतो तो फक्त सराव.

हे यंत्र मुळात कुणासाठी होतं

काराओके हा शब्द "कारा" म्हणजे रिकामा आणि "ओके" म्हणजे ऑर्केस्ट्राचं लघुरूप, यांचा जोड आहे. कोबे शहरात इनोउए दाइसुके नावाचे वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका गिऱ्हाइकाला त्यांना सहलीला सोबत न्यायचं होतं. इनोउएंना जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्या गृहस्थांना जमेल अशा बेताने साथ वाजवून टेप भरून दिली. १९७१ मध्ये त्यांनी नाणं टाकून चालणारं यंत्र बनवलं, पेटंट मात्र घेतलं नाही. तोक्योत नेगिशि शिगेइचि यांनी १९६७ मध्येच असं एक यंत्र केलं होतं, त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर मतं वेगळी आहेत. मला महत्त्वाची वाटते ती ती टेप. सराईत गायकाच्या पट्टीशी झगडत बसावं लागू नये, साथीनेच गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वळावं, ही या यंत्रामागची पहिली कल्पना आहे. म्हणून पट्टी खाली करण्याचं बटण दाबताना ओशाळू नका. ते बटण तुमच्यासाठीच आहे.

आधी स्वतःचा आवाज मोजा

घरी, दार लावून, मोबाइलवर पियानोचं कोणतंही फुकट अ‍ॅप उघडा. पेटी असेल तर उत्तमच. सहज बोलता त्या आवाजात "हो" म्हणा आणि तोच "हो" लांबवा. तो सूर पट्टीवर शोधा. तिथून एकेक सूर खाली उतरा, आवाज घोगरा होऊन विरायला लागेल तिथे थांबा. मग पुन्हा "हो"वरून वर चढा. मान ताणली जाते, हनुवटी वर उचलली जाते, तो तुमचा वरचा काठ. त्याच्या दोन सूर अलीकडे तुमची आरामाची हद्द.

गाण्याची सवय नसलेल्या बऱ्याच पुरुषांची ही हद्द पियानोच्या मधल्या सीच्या, म्हणजे आपल्या पांढरी एकच्या, वर पांढरी तीन किंवा चारपर्यंत असते. हे लिहून ठेवा, कारण जपानी लोक गाण्यांचे सूर फार नेटाने नोंदवतात. गाण्याच्या नावापुढे "साइको-ओन", म्हणजे सर्वांत वरचा सूर, असं लिहून शोध घेतलात की "मिड टू ई", "हाय ए" अशा खुणा सापडतात. मिड टू सी म्हणजे पांढरी एक, मिड टू ई म्हणजे त्यावरची पांढरी तीन, मिड टू एफ पांढरी चार, आणि हाय ए म्हणजे पांढरी सहा. तुमची हद्द पांढरी तीन आणि गाणं जातं हाय ए पर्यंत, तर मधल्या काळ्या पट्ट्या धरून पाच पायऱ्या खाली यावं लागेल. हिशेब एवढाच आहे. पेटीवर बोट ठेवून मोजता येतो.

गाणं निवडताना आपण कुठे चुकतो

आवडतं गाणं निवडतो, ही पहिली चूक. जपानमधली आजची गाजलेली पुरुषांची गाणी भयंकर उंच आहेत. ऑफिशियल हिगे दान्दिझमचं २०१९ चं "प्रिटेंडर", किंग नूचं त्याच वर्षीचं "हाकुजित्सु", मिसेस ग्रीन अ‍ॅपलची जवळपास सगळी, ही ऐकायला सुंदर, पण गायला बसलं की पहिल्या ध्रुवपदातच घसा बसतो. योआसोबीचं "योरु नि काकेरु" उंच तर आहेच, शिवाय इतकं वेगवान की वाचता वाचता ओळ निघून जाते. एक्स जपानचं "कुरेनाइ" एखादा साहेब जीव तोडून म्हणतो आणि सगळे त्याला उचलून धरतात. पण तो वीस वर्षं तेच गाणं म्हणत असतो.

जपानी गाण्याचे भाग ओळखायला शिका. ए-मेरो म्हणजे कडव्याची सुरुवात, बी-मेरो म्हणजे चढण, आणि साबी म्हणजे ध्रुवपद, गाण्याचा गाभा. ए-मेरो बोलल्यासारखं खाली असतं, त्यामुळे ऐकताना वाटतं, हे आपल्याला येईल. पार्टीत साबी आली की कळतं. म्हणून गाणं तपासताना थेट साबीवर जा, आणि त्यातही शेवटच्या साबीवर. पुष्कळ गाण्यांत शेवटी सगळी पट्टीच अर्धा-एक सूर वर सरकते, त्याला तेन्चो म्हणतात. तिथे पोहोचेपर्यंत दम संपलेला असतो.

चांगल्या पहिल्या गाण्याची माझी कसोटी अशी: साबी तुमच्या हद्दीत बसते का, खोलीतल्या निम्म्या लोकांना ते गाणं येतं का, आणि ते चार मिनिटांच्या आत आटपतं का. यातली दुसरी अट मी सर्वांत वर ठेवीन. सगळ्यांना येणारं गाणं लावलं की साबीला पाच-सहा आवाज आपोआप मिसळतात आणि तुमचा आवाज त्यात सुरक्षित राहतो.

माझ्या ओळखीची, भरवशाची गाणी

नवख्याने कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर मी डोळे झाकून "सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना" सांगतो. स्मॅप या पुरुषांच्या गटाने ते २००३ मध्ये स्वतंत्र गाणं (सिंगल) म्हणून काढलं, शब्द आणि चाल माकिहारा नोरियुकी यांची. नावाचा अर्थ जगातलं एकमेव फूल. पाच जणांनी एकत्र म्हणायचं गाणं असल्याने चाल फार उंच जात नाही, आणि मुलांपासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला ते येतं. फुलांच्या दुकानातली फुलं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, मग आपणच का करावी, अशा आशयाचं गाणं आहे. गाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाने ते म्हणावं यात मला एक औचित्य वाटतं. ते थेट ध्रुवपदाच्या चालीने उघडतं, त्यामुळे सुरुवातीलाच खोली तुमच्यासोबत येते. मी हेच पहिलं बसवलं.

दुसरं माझं लाडकं, "उए ओ मुइते आरुको", साकामोतो क्यू यांचं १९६१ चं. एइ रोकुसुके यांचे शब्द, नाकामुरा हाचिदाइ यांची चाल. अमेरिकेत ते "सुकियाकी" या भलत्याच नावाने गेलं आणि जून १९६३ मध्ये तिथल्या बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. नावाचा अर्थ "वर बघत चालू या", डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. आपल्या कानाला ते लवकर लागतं, त्यालाही कारण आहे. जपानी संगीतात योनानुकी नावाची रचना आहे, चौथा आणि सातवा सूर वगळलेली. आपण तिला सा रे ग प ध म्हणतो, म्हणजे भूपाचेच सूर. या गाण्याच्या चालीचा मोठा भाग त्याच सुरांवर चालतो. लहानपणी भजनं, प्रार्थना यांतून भूप कानावर पडलेल्या माणसाला पुढचा सूर कुठे असेल याचा अंदाज आपसूक येतो. गाण्यात एक शीळ आहे. शीळ वाजवता येत असेल तर वाजवा, नसेल तर तिथे टाळी धरा. तरुण मंडळींना हे जुनं वाटेल अशी शंका घेऊ नका, सगळ्यांना येतं. एका परदेशी माणसाने ते नीट म्हटलं की पन्नाशीच्या पुढचे सहकारी हळवे होतात, हे मी दोनदा पाहिलं आहे.

आवाज मुळात खर्जातला असेल तर फुकुयामा मासाहारु तुमचे मित्र. त्यांचं "साकुराझाका" २००० साली आलं आणि वीस लाखांच्या वर खपलं. तोक्योच्या ओता वॉर्डात साकुराझाका नावाची चढण खरोखरच आहे. चाल संथ, आवाज खाली, श्वास घ्यायला जागा भरपूर. मात्र एक सावधगिरी बाळगा. खोली तापलेली असताना, सगळे उभे राहून नाचत असताना, हे गाणं लावू नका. ते सुरुवातीच्या अर्ध्या तासात किंवा अगदी शेवटाकडे शोभतं.

"काम्पाइ" हे नागाबुचि त्सुयोशि यांचं गाणं पहिल्यांदा १९८० मध्ये आलं आणि १९८८ मध्ये नव्याने गायल्यावर देशभर गाजलं. लग्नात आणि निरोप समारंभात म्हणतात. मार्च महिन्यात बदलीवर जाणाऱ्यांच्या निरोपाच्या पार्ट्या होतात, त्यांच्यासाठी हे एक गाणं बसवून ठेवलं तर वर्षानुवर्षं पुरतं. जाणाऱ्या माणसाकडे बघून म्हणा. सूर थोडा हलला तरी कुणाच्या लक्षात राहणार नाही.

सूर धरताच येत नाही अशी खात्री असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. द ब्लू हार्ट्सचं १९८७ चं "लिंडा लिंडा" सुरुवातीला हळू आणि शांत आहे, आणि मग एकदम फुटतं. साबी म्हणजे मुख्यतः तेच नाव पुन्हा पुन्हा, उड्या मारत. इथे गोडव्यापेक्षा जोर लागतो. ज्यांना लाज वाटते त्यांनी उभं राहून हे म्हणावं, बसून म्हटलं तर ते मरतं. ओकिनावाच्या मोंगोल ८०० या तेव्हा तिघांच्या असलेल्या बँडचं २००१ चं "चिइसाना कोइ नो उता" थोडं अवघड, कारण ए-मेरोमध्ये शब्द भराभर येतात. पण तिशी-चाळिशीतल्या सहकाऱ्यांचं हे कॉलेजातलं गाणं आहे. साबी आली की तुम्ही माईक त्यांच्याकडे वळवला तरी चालतं. साइतो काझुयोशि यांचं १९९४ चं "आरुइते काएरो" छोटं आणि उत्साही आहे. ते मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात वाजायचं, त्यामुळे त्या वयाच्या लोकांच्या मनात घर करून आहे.

स्पिट्झचं १९९६ चं "चेरी" मी मुद्दाम शेवटी घेतो. सर्वांना येणारं, सरळ चालीचं, सुंदर गाणं, पण गायकाचा आवाज उंच आणि पातळ. मूळ पट्टीत म्हणायला गेलात तर साबीत अडकाल. तीन-चार पायऱ्या खाली आणलं की तेच गाणं साध्या आवाजात बसतं. पट्टी बदलण्याने काय घडतं हे स्वतः अनुभवायचं असेल तर याच गाण्यावर करून बघा.

आणि एक घरचं. आपल्यापैकी अनेकांनी दोराएमोन हिंदीत बघितला आहे. १९७९ पासूनच्या मालिकेचं जपानी शीर्षकगीत, "दोराएमोन नो उता", इथे प्रत्येकाला पाठ असतं. भारतातही आम्ही हा बघत मोठे झालो, एवढं एक वाक्य आधी बोला. खोलीत त्यानंतर जो गलका होतो तो गाण्यापेक्षा मोठा असतो. चाल स्त्रीच्या आवाजातली आहे, त्यामुळे एक सप्तक खाली म्हणा आणि ते फार खोल जात असेल तर बटणाने चार-पाच पायऱ्या वर घ्या. स्त्रियांच्या कोणत्याही गाण्याला पुरुषांनी हीच युक्ती वापरावी.

पट्टी खाली आणा

बहुतेक खोल्यांत डॅम किंवा जॉयसाउंड यांपैकी एका कंपनीचं यंत्र असतं. दोन्हींच्या स्क्रीनवर "किइ" लिहिलेलं बटण असतं, अधिक आणि उणे अशा खुणांचं. एक दाब म्हणजे पेटीवरची एक पट्टी, काळी धरून. गाणं चालू असतानाही ते दाबता येतं, पण मध्येच दाबलं की कानाला धक्का बसतो आणि सूर सुटतो. आपला आकडा आधीच पाठ हवा: चेरी, उणे चार. मोबाइलमध्ये एक यादी ठेवा, गाण्याचं नाव आणि आकडा, बस. त्या रात्री विचार करायला सवड नसते.

फार खाली आणू नका, ही उलट बाजूची चूक. साबी सोपी होते, पण ए-मेरो घशाच्या तळाशी जातं आणि आवाज ऐकूच येत नाही. आधी दोन खाली, मग तीन, मग चार असं उतरत जा. साबीत मान ताणली जात नाही आणि ए-मेरोत शब्द स्पष्ट ऐकू येतात, त्या आकड्यावर थांबा.

शब्द: इथे आपण मराठी लोक पुढे आहोत

जपानी भाषा मात्रांवर चालते, आणि मात्रा मोजायला आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. प्रत्येक कानाक्षराला, म्हणजे जपानीच्या उच्चारलिपीतल्या अक्षराला, एक मात्रा. लांब स्वराला दोन. "न्" स्वतंत्र एक मात्रा. आणि जोडाक्षरासारखा जो थांबा येतो, "निप्पोन" मधल्या पहिल्या "प्" सारखा, त्याचीही एक. म्हणजे नि-प्-पो-न्, चार मात्रा. आपण तोक्यो दोन ठोक्यांत उरकतो, जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असा चार मात्रांत म्हणतो. गाण्यात या चारही मात्रांना बऱ्याचदा वेगळे सूर असतात. सूर बरोबर असूनही आपलं गाणं जपानी कानाला तुटक वाटतं ते बहुतेकदा इथेच, "न्" गिळल्यामुळे किंवा लांब स्वर आखूड केल्यामुळे. गाणं हातात घेतलं की आधी चाल सोडून द्या आणि बोटांवर मात्रा मोजत शब्द नुसते वाचा. वृत्त पाडतो तसे.

उच्चारांतही आपल्याला दान मिळालेलं आहे. हिंदीभाषकांना अवघड जाणारा "त्सु" आपल्या चुलीतल्या "चू" मध्ये आहे. "झु" आपल्या जुन्यातला "जु" आहे, दाताला जीभ लावून म्हटलेला. "फु" मात्र सांभाळा, ओठावर दात न टेकवता फुंकर घातल्यासारखा म्हणायचा.

एक सवय मात्र सोडायला हवी. आपल्या कानावर लहानपणापासून हरकती आणि मींड आहेत, त्यामुळे ओळीच्या शेवटी आवाज आपोआप वळण घेतो. ही गाणी सरळ सुरांची आहेत. सुरावर या, तिथे थांबा, सोडा. सजावट काढून टाकली की निम्म्या चुका आपोआप जातात, कारण बेसूर होतो ते बहुधा वळणांत.

स्क्रीनवर शब्द जपानी लिपीत येतात, कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांच्या, वर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो, आणि म्हणायची वेळ येते तसतसा अक्षरांचा रंग बदलत जातो. काना वाचता येत असतील तर तेवढं पुरतं. तरीही साबी पाठच करा. साबीच्या वेळी डोळे स्क्रीनवर खिळलेले नसले की आवाज मोकळा होतो. मी शब्द देवनागरीत एका वहीत लिहून काढले होते, लांब स्वरांच्या खाली रेघ मारून. अजूनही नवं गाणं घेतलं की तसंच करतो.

एकट्याने खोली घ्या

एकट्याने काराओकेला जाण्याला इथे हितोकारा म्हणतात आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. काही ठिकाणी तर एकट्यासाठीच बांधलेल्या चिमुकल्या खोल्या असतात. भाडं माणशी, अर्ध्या तासाच्या हिशेबाने असतं. कामाच्या दिवशी दुपारी सर्वांत स्वस्त, शुक्रवार-शनिवारी रात्री सर्वांत महाग. बिग एको, मानेकिनेको, काराओके-कान अशा साखळ्यांची दुकानं बहुतेक मोठ्या स्टेशनांजवळ सापडतात. काउंटरवर "हितोरि देसु, इचिजिकान" म्हणा, एक जण, एक तास. डॅम की जॉयसाउंड असं विचारतील. तुमची कंपनी नेहमी जाते त्या दुकानातलं जे यंत्र असेल तेच मागा, म्हणजे बटणं ओळखीची होतील. एक पेय घ्यावं लागतं किंवा हवं तेवढं पेय भाड्यातच असतं. घशासाठी कोमट चहा घ्या, बर्फ नको.

पहिल्या तासात एकच गाणं म्हणा. मोह होतो दहा गाणी चाळण्याचा, तो आवरा. पहिल्या दोन वेळा "गाइदो मेरोदी" चालू ठेवा, त्यात चालीचा सूर बारीक वाजत राहतो आणि आपण त्याला धरून चालतो. काही गाण्यांना गायकाचा आवाजही सोबतीला घेता येतो. मग ते काढून टाका. गुण देणारी सोय, "साइतेन", सुरुवातीला पूर्ण बंद ठेवा. यंत्र सूर आणि कंप मोजतं. पार्टीत तुम्हाला ज्यांच्यासोबत गायचं आहे ते वेगळंच ऐकतात. चौथ्या-पाचव्या वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच नको, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर जीव खचतो. दुसऱ्या दिवशी कुठे घाई झाली आणि कुठे श्वास चुकला एवढंच ऐकू येतं, आणि ते दुरुस्त करता येतं.

माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर, सरळ धरा. जाळी मुठीत पकडू नका, आवाज कोंडतो. स्पीकरकडे वळवू नका, किंचाळी उठते. बुजरा माणूस माईक लांब नेतो आणि आवाज बारीक करतो, मग लोकांना काही ऐकू येत नाही आणि तो आणखी बुजतो. उलट करा. माईक जवळ, आवाज बोलण्याएवढा. प्रतिध्वनी थोडा वाढवा, साथीचा आवाजही एखादं घर वाढवा. त्याच्या आधाराने सुरांच्या कडा मऊ होतात.

असे तीन-चार तास, दोन-तीन आठवड्यांत विभागून, पुरे होतात. मला सहा लागले.

त्या रात्री

पहिले होऊ नका आणि शेवटचेही होऊ नका. दुसरं किंवा तिसरं गाणं तुमचं असावं. तोपर्यंत वातावरण सैल झालेलं असतं आणि बसून धडधड वाढायला फार वेळही मिळत नाही. आधी कान उघडे ठेवा. प्रत्येकाचं एक ठेवणीतलं गाणं असतं, त्याला ओहाको म्हणतात. काबुकीतल्या एका घराण्याच्या अठरा नाटकांच्या संचावरून हा शब्द आला असं सांगतात. साहेबांचं ओहाको तुम्ही लावू नका, आणि कुणी एकदा म्हटलेलं गाणं त्याच रात्री पुन्हा लावू नका. म्हणून यादीत किमान दोन गाणी हवीत.

रांगेत एका वेळी एकच गाणं टाका. गाणं सुरू होण्याआधी पट्टीचा आकडा लावा. हात थरथरत असतील तर शेजाऱ्याला म्हणा, "किइ ओ योत्त्सु सागेते कुदासाइ", पट्टी चारने खाली करा. कुणीही आनंदाने करेल. आणि सुरुवातीला "इश्शो नि उतात्ते कुदासाइ", माझ्यासोबत म्हणा, एवढं बोला. ही विनंती म्हणजे आर्जव नव्हे, खोलीला दिलेलं निमंत्रण आहे. माझ्या पहिल्या गाण्याला साबीच्या दुसऱ्या ओळीपासून सहा जण होते आणि काचो हातात खुळखुळा घेऊन ठेका धरत होते.

सूर सुटला तर थांबू नका, पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर परत या. ओळ चुकली तर सोडून द्या. अगदीच जमेना झालं तर एका साबीनंतर गाणं थांबवता येतं, बटण "एन्सो चूशि" नावाचं असतं. जपानी लोकही वेळ कमी असला की असंच करतात. म्हणून झाल्यावर माफी मागू नका, मान थोडी झुकवून "आरिगातो गोझाइमासु" म्हणा आणि माईक पुढच्याला द्या.

मग तुमचं खरं काम सुरू होतं, दुसऱ्यांचं ऐकणं. मोबाइल खिशात ठेवा. टेबलावर ताम्बोरिन असेल तर उचला, पण संथ गाण्याला वाजवू नका. पुढे कुणी बुजरा सहकारी देन्मोकु हातात घेऊन घुटमळताना दिसला तर त्याला सोपं गाणं सुचवा आणि म्हणा, साबी मी तुझ्यासोबत म्हणतो.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. जो दाराजवळ असेल तो उचलतो. "एन्चो" म्हणजे वेळ वाढवायची का, असं काउंटरवरून विचारतात. नको असेल तर "दाइजोबु देसु" म्हणून ठेवायचा. त्या दहा मिनिटांत शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं आणि ते काय असावं यावर रोज थोडा गोंधळ होतो. त्या वेळी तुम्ही "सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना" टाका. दोन्ही माईक फिरत राहू द्या, पट्टी मूळचीच ठेवा, उंच आवाजाचे लोक वर म्हणतील आणि तुम्ही त्यांच्याहून एक सप्तक खाली म्हणा.